काखेत कळसा, तळाला भोक

गळती म्हणजे भांड्यातील द्रवाने भांड्याच्या मालकाची मंजुरी न घेता घेतलेली रजा, ही व्याख्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात कोणालाही चटकन पटावी, कारण विनामंजुरीची रजा येथील प्रत्येक सुपरवायझरच्या ओळखीची असते आणि ती थेंबाथेंबानेच वाढत जाते हे त्याला ठाऊक असते. मराठी भाषेने या विषयाचा अभ्यास फार पूर्वीच करून ठेवलेला दिसतो. भिंत ओल धरते, रांजण पाझरतो, छतातून पाणी झिरपते, नळ ठिबकतो, पातेले गळते आणि पाइप फुटला की सारेच वाहून जाते. ही समानार्थी शब्दांची चैन नसून संकटाच्या चढत्या पायऱ्या आहेत, आणि कोणत्या पायरीवर कोणाला हाक मारायची हेही त्यांत गृहीत आहे. ओल धरली तर रंगारी, झिरपले तर वरच्या मजल्यावरचे शेजारी, ठिबकले तर प्लंबर, वाहून गेले तर नशीब. अडचण आहे ती पातेल्याची, कारण पातेले गळू लागले तर कोणाला बोलवावे या प्रश्नाचे उत्तर या पट्ट्यातील लाखो कुशल कामगारांपैकी एकालाही पटकन देता येत नाही.

या परिस्थितीला मराठीत ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ म्हणतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सारा महाराष्ट्र ज्याला एमआयडीसी या नावाने ओळखतो ती संस्था, स्थापन झाली आणि भोसरी-चिंचवडच्या माळरानावर भूखंड पडू लागले. १९७० साली गावांची नगरपालिका झाली, १९८२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि पुढे कारखान्यांची ही रांग इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत जाऊन पोहोचली. धातू कापणे, वाकवणे, दाबणे आणि जोडणे हाच येथील मुख्य धंदा असून एका मोटारीच्या सांगाड्याला काही हजार ठिकाणी वेल्डिंगचे टाके पडतात. गळती पकडण्याच्या कलेत तर हा पट्टा जगाला शिकवू शकेल, कारण रेडिएटर असो वा इंधनाची टाकी, आत दाबाची हवा भरून ती कणभरही कमी होत नाही ना हे तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही. एवढी सारी विद्या दिवसभर हाताळून कामगार कंपनीच्या बसने घरी येतो, हातपाय धुऊन ताटावर बसतो, आणि ज्या पातेल्यातून त्याला आमटी वाढली जाते त्याच्या तळाला मोहरीएवढे भोक असते.

हे पातेले बहुधा ‘जर्मन’चे असते. जर्मन किंवा जर्मल हा मराठी घरांत, विशेषतः खेड-मावळच्या गावांत, ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी रुळलेला शब्द आहे. जर्मन सिल्व्हर नावाचा एक मिश्रधातू, म्हणजे अनेक धातू वितळवून केलेला एकजीव धातू, खरोखरच असतो. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा बनतो आणि त्यात चांदी औषधालाही सापडत नाही. जर्मनच्या पातेल्यात मात्र हा चांदीविना चांदी म्हणवणारा धातूही नसतो, म्हणजे नावाची गळती वस्तूच्या गळतीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विजेवरची पद्धत १८८६ साली सापडेपर्यंत हा धातू सामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. नंतर सुमारे एका तपाने मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी घडवण्यास आरंभ केला, आणि तांब्या-पितळेच्या मानाने हलके, स्वस्त आणि कल्हईची कटकट नसलेले हे भांडे पाहता पाहता घरोघरी जाऊन बसले. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा तालुक्यातील आज्यांना जर्मन मालाचे मुळीच अप्रूप वाटले नसेल, कारण त्यांच्या मांडणीवर, म्हणजे भांडी लावण्याच्या फळीवर, जर्मन दोन पिढ्यांपासून ठाण मांडून होते.

अशा पातेल्याला भोक पडते कसे, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा विचार करणे म्हणजे रोग न पाहता गोळी देणे होय. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा, म्हणजे धातू आणि प्राणवायू यांच्या संयोगाचा, एक पापुद्रा धरतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो, परंतु आतल्या धातूचे रक्षण तोच करतो. तारेच्या घासणीने पातेले लख्ख करणाऱ्या व्यक्तीला आपण रोज सकाळी हे चिलखत उतरवत आहोत याची कल्पना नसते. सुदैवाने ते क्षणार्धात पुन्हा चढते. मीठ मात्र घासणीपेक्षा कावेबाज असते. मिठातील क्लोराइड या पापुद्र्यात एखादी बारीक फट हेरून आत शिरते, तेथे एक खळगी पडते, खळगीच्या तळाशी आम्ल साचते आणि ते आडवे न पसरता सरळ खाली धातू खात जाते, म्हणजे वरून पाहता पातेले धडधाकट दिसते आणि आतून बोगद्याचे काम चालू असते. आमटीत चिंच किंवा आमसूल असेल आणि ती रात्रभर त्याच पातेल्यात राहिली असेल, तर बोगद्याचे कंत्राट मुदतीआधी पूर्ण होते.

गळतीची पहिली खबर कान देत नाहीत, डोळे देतात. गॅसची ज्योत निळी असते. तळाच्या काळ्या ठिपक्यावर एक थेंब फुगतो, लोंबतो, बर्नरवर पडतो, चर्र होते, आणि त्याच क्षणी निळी ज्योत एका बाजूने पिवळीधमक होऊन पुन्हा निळी होते. मिठात सोडियम असते आणि सोडियम तापले की पिवळा प्रकाश देते. महामार्गांवर वर्षानुवर्षे जळणारे पिवळे दिवे याच गुणावर चालत. याचा अर्थ असा की आमटीत मीठ पडले आहे आणि पातेल्याला भोक पडले आहे, या दोन्ही गोष्टींची चाचणी गॅसची शेगडी एकाच वेळी आणि विनामूल्य करून देते. नुसते पाणी गळत असेल तर ज्योत फारशी बोलत नाही, म्हणून अशी गळती कित्येक महिने गॅसखालच्या ओट्यावर ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या न्यायाने साचत राहते आणि तिचा आळ पुसणाऱ्यावर जातो.

एवढ्याशा भोकाचे काय मोठे, असे म्हणणाऱ्याने चाकणचा इतिहास आठवावा. १६६० च्या भर पावसाळ्यात शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला असता फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर मावळ्यांनिशी तो भुईकोट पन्नासाहून अधिक दिवस झुंजवत ठेवला. तट अभेद्य होता, माणसे खमकी होती, पण शत्रूने जमिनीखालून भुयार नेऊन एका बुरुजाखाली सुरुंग उडवला आणि किल्ला पडला. मिठाची युद्धनीती तीच आहे. भांडे कडेने पोचे खाऊन पडत नाही, ते तळाखालच्या भुयाराने पडते.

औद्योगिक पट्ट्यात दोष सापडला की त्याचे मूळ कारण शोधण्याची शिस्त आहे. ही शिस्त जपानच्या टोयोटा कंपनीतून जगभर गेली असून तिच्यात पाच वेळा ‘का?’ असे विचारायचे असते. पहिल्या उत्तरावर न थांबता उत्तरालाच पुन्हा प्रश्न विचारत गेले म्हणजे पाचव्या पायरीवर खरा गुन्हेगार हाती लागतो, असा तिच्यामागचा विचार आहे. स्वयंपाकघरात ही पद्धत लावून पाहण्यासारखी आहे. ज्योत पिवळी का झाली? आमटी गळली म्हणून. आमटी का गळली? तळाला भोक आहे म्हणून. भोक का पडले? मिठाने धातू खाल्ला म्हणून. मिठाला एवढा वेळ का मिळाला? आमटी रात्री पातेल्यातच राहिली म्हणून. ती पातेल्यात का राहिली? सेकंड शिफ्ट करून मध्यरात्री घरी येणाऱ्या गृहस्थाला ती गरम लागते म्हणून. पाचवा ‘का’ अशा रीतीने चौकशी करणाऱ्याच्याच ताटापाशी येऊन थांबतो, आणि त्यामुळेच अनुभवी माणसे चौकशी चौथ्या प्रश्नावर आटोपती घेतात. कारखान्यातील चौकशा कोठे आटोपत्या घेतल्या जातात, याचाही उलगडा यातून व्हावा.

दरम्यान घरातील व्यवस्थापनाने आपला निर्णय घेतलेला असतो. गळके पातेले टाकून दिले जात नाही, त्याची बदली होते. आमटीवरून ते दाट उसळीकडे जाते, उसळीवरून पोहे भिजवण्याकडे, पोह्यांवरून भाजी निवडण्याकडे, आणि कोरड्या खात्यात काही वर्षे काढल्यावर अखेर चाकणच्या बाजारातून आणलेले कांदे-बटाटे सांभाळण्याच्या स्टोअर्समध्ये त्याची कायमची नेमणूक होते. या सर्व काळात त्याच्या पगारात, म्हणजे घासण्या-पुसण्यात, कपात होत नाही. ‘अहो, ते राहू द्या, माझं चाललंय त्याच्यावर’ हे वाक्य या धोरणाचा सारांश असून त्यातील ‘चाललंय’ हे क्रियापद व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक काही सांगून जाते. दुरुस्तीचा प्रश्न उपस्थित होतो तो घरात पाहुणे येऊन मोठे पातेले एकच आहे असे लक्षात येते तेव्हा, किंवा घरातील कर्त्या पुरुषाला साप्ताहिक सुटी असते आणि दुसरे काही बिघडलेले नसते तेव्हा.

पूर्वी या प्रश्नाला व्यावसायिक उत्तर होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत केले जाणारे मठारकाम प्रसिद्ध आहे. या ठोक्यांनी भांड्यावर सुबक खळ्यांची नक्षी उठते आणि ठोके खाल्लेला पत्रा कडकही होतो. घरोघरच्या पितळी भांड्यांसाठी कल्हईवाला फिरत असे. कल्हई म्हणजे पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पातळ मुलामा देणे. भांडे भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने आत फिरवायची, पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि ती वितळताच बोळ्याने सरसर पसरायची, एवढी ती क्रिया असते आणि लहान मुले शाळा बुडवून ती पाहत. कथील वितळल्यावर सुईच्या अग्राएवढे छिद्र वाटेत आले तर त्यावर आपोआप पडदा धरी, त्यामुळे कल्हईबरोबर बारीक गळतीही फुकटात थांबे. आज कल्हईवाला एखाद्या वेळी चिंचवडगावात किंवा निगडीत दिसतो, परंतु नव्या सोसायटीच्या फाटकावर त्याची गाडी अडते, कारण तेथील मोबाइलवरच्या नोंदणीत पाहुणा, टॅक्सी आणि डिलिव्हरी असे तीनच मानवप्रकार असून तो त्यांपैकी कशातच बसत नाही. राहता राहिली बोहारीण. जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी ही बाई प्रत्येक पँट उजेडात धरून भोक शोधते आणि एक भोक सापडले की पातेल्याची वाटी करते. भोकाची किंमत इतक्या अचूकपणे ठरवणारा दुसरा तज्ज्ञ या पट्ट्यात नाही, पण तिचे ज्ञान कापडापुरते मर्यादित आहे.

व्यावसायिक उत्तर संपल्यावर प्रश्न घरगुती तज्ज्ञांच्या हाती जातो, आणि देहू-आळंदीच्या कुशीतला हा पट्टा असल्याने तेथे लगेच पंथ पडतात. पहिला लेपपंथ. नळ आणि टाकी बुजवण्यासाठी दोन रंगांच्या कांड्या मळून जी लुगदी करतात आणि जिला घरोघरी एम-सील म्हणतात, ती ज्या घरात आहे त्या घरात हा पंथ आहे. ही लुगदी इपॉक्सीची, म्हणजे दोन रसायने एकत्र येताच दगडासारखी घट्ट होणाऱ्या राळेची, असते. नळाला ती उत्तम, पण ज्योतीवर ती मऊ पडते, जळते, आणि तिचे जे काही अन्नात उतरते ते कोणत्याही पाककृतीत सांगितलेले नसते. याच पंथाच्या जुन्या शाखेत गळक्या बादलीला साबण घासून लावण्याची चाल आहे. बादलीला साबण शोभतो, कारण बादलीतले पाणी शेवटी अंगावरच घ्यायचे असते. आमटीच्या बाबतीत हा क्रम उलटा पडतो.

दुसरा झाळपंथ. झाळणे म्हणजे मूळ धातू न वितळवता, त्याहून लवकर वितळणारा धातू सांध्यात ओतून तो जोडणे. या ओतायच्या धातूला डाख म्हणतात. रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात जो डाख चालत आला तो कथील आणि शिसे यांचा असून सुमारे १८३ अंश सेल्सियसला वितळतो. येथे एक मजेदार गोष्ट घडते. पातेल्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून डाख बिनघोर टिकतो. आमटी आटली आणि राखणदार मोबाइलवर बोलण्यात गुंतला की तळ तापतो, डाख वितळतो आणि बर्नरमध्ये जाऊन बसतो. तळणाच्या कढईत तर तेलच १८० अंशांच्या आसपास असते, म्हणजे भजी आणि डाख एकाच सुमारास तयार होतात. यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की शिसे विषारी आहे, ते थोडे थोडे अंगात साचते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्याला शिशाचा डाख कधीही लावू नये. पितळेला शुद्ध कथलाने झाळता येते, त्याचा वितळबिंदू २३२ अंश आहे. पण जर्मनच्या पातेल्यावर तो ऑक्साइडचा पापुद्रा डाखाला टेकूच देत नाही आणि कथलाचे थेंब कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे इकडून तिकडे पळतात.

तिसरा पंथ या भूमीचा खरा कुलधर्म म्हणावा असा आहे, तो म्हणजे ‘आर्गन मारून घेणे’. आर्गन हा कशाशीही संयोग न करणारा, अलिप्त स्वभावाचा वायू असून वेल्डिंग करताना त्याचा झोत सांध्याभोवती पांघरतात, म्हणजे हवेतील प्राणवायू वितळलेल्या धातूजवळ फिरकत नाही. पातेले कारखान्यात नेणे मात्र सोपे नसते. फाटकावर पिशवी तपासली जाते, तेव्हा आत जाणाऱ्या पातेल्याचा परतीचा गेटपास करावा लागतो, गेटपासवर वस्तूचे नाव, संख्या आणि प्रयोजन लिहावे लागते, आणि ‘पातेले, नग एक, भोक बुजवणे’ या नोंदीवर विभागप्रमुखाची सही मागायला कोणीही धजत नाही. म्हणून पातेले भोसरीच्या एखाद्या लहान शेडमध्ये ओळखीने जाते. तेथील वेल्डर दोन मिलिमीटरच्या नळीवर डोळे मिटून टाका घालतो, परंतु वीस वर्षे घासला गेलेला तळ त्याच्यापुढे पहिलाच असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याच्यावरचा ऑक्साइड दोन हजारांवर, त्यामुळे दुधावरची साय जागच्या जागी दिसावी आणि खालचे दूध उतू जाऊन संपलेले असावे, तसा प्रकार होतो. मोहरीएवढे भोक चण्याएवढे होते, ते सावरायला दुसरा टाका घातला की रुपयाएवढे होते, आणि खळग्यांत वर्षानुवर्षे मुरलेले तेल-मीठ जळून टाक्यालाच जाळी पडते. वेल्डर तोंडावरचा मुखवटा वर करून ‘साहेब, मटेरियलच राहिलं नाही हो’ असे म्हणतो. हे निदान अचूक असते आणि उशिरा आलेले असते.

चौथा खिळपंथ घरी करण्याजोगा आहे, आणि त्याचे तत्त्व ऐकताच घरात विरोध होतो, कारण गळती बुजवण्यासाठी त्यात आधी भोक मोठे करावे लागते. यामागे शुद्ध तर्क आहे. भोकाच्या काठाचा धातू कुरतडलेला आणि कागदासारखा झालेला असतो, तेथे काहीही धरत नाही. म्हणून गोल कानशीने तो काठ खाऊन निरोगी, जाड धातूपर्यंत जावे लागते. मोहरीचे भोक ज्वारीएवढे होताना पाहणाऱ्या आजीचा चेहरा हा या पंथातील सर्वांत कठीण टप्पा असतो. मग खिळ, म्हणजे रिव्हेट, घ्यायची. ती ॲल्युमिनियमचीच हवी, आणि जुन्या सर्व्हिस वायरमधली जाड तार त्यासाठी चालते. तांब्याची खिळ दिसायला भारदस्त असते, पण तांबे, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारट आमटी हे तिघे एकत्र आले की त्यांची बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतो तो ॲल्युमिनियमचाच तळ, म्हणजे खिळेच्या भोवती नव्या भोकाची मुहूर्तमेढ होते.

पातेले पालथे घालतात आणि आतून खिळेच्या डोक्याखाली ऐरण लागते. ऐरण नसेल तर पाट्याचा वरवंटा फडक्यात गुंडाळून उभा करतात. तोही नसेल तर व्यायामाचे एक डंबेल, जे बहुतेक घरांत जानेवारीपासून अन्य कामासाठी मोकळेच असते. खिळेचे टोक बाहेर तिच्या जाडीच्या सुमारे सव्वा ते दीडपट ठेवायचे, म्हणजे ठोकून पसरल्यावर बेताची टोपी होते. पहिला ठोका जोराचा द्यावासा वाटतो आणि तोच देऊ नये, खिळ वाकते. हलक्या हाताने, टोकाच्या कडेकडेने, गोल फिरत टकटक टकटक करत गेले की धातू हळूहळू छत्रीसारखा उमलतो, तळाला चिकटत खाली बसतो, आणि ठोक्याचा आवाज बदलतो. आधी ‘टक’ येत असते, नंतर ‘टण’ येते. खिळ आणि पातेले आता दोन नसून एक झाले, ही बातमी त्या आवाजात असते, आणि कसबा पेठेतील तांबट जे कानाने ओळखतो ते पिंपरीतील फिटरला येथे तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, खालच्या मजल्यावरून ‘कोण ठोकतंय?’ असा प्रश्न येण्याच्या आत, उमगते.

या पंथाला एक अपवाद आहे आणि त्यात विनोद नाही. प्रेशर कुकरला यांपैकी कोणताही उपाय करू नये. त्याच्यासाठी आयएस २३४७ हे स्वतंत्र भारतीय मानक आहे. तो आतील वाफेच्या दाबाने सुमारे १२० अंशांपर्यंत जातो आणि त्याच्या झाकणात एक मऊ मिश्रधातूची सुरक्षा-गुंडी असते, जी पाणी संपून कुकर जास्त तापल्यास स्वतः वितळते आणि वाफ बाहेर सोडते. कुकरमध्ये गळती मुद्दाम बसवून दिलेली असते. ती बुजवणारा माणूस दुरुस्ती करत नसून बॉम्ब तयार करत असतो.

खिळ बसली की चाचणी. कारखान्यात हवेचा दाब मोजणारे यंत्र असते, घरात वर्तमानपत्र असते. पातेले काठोकाठ भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि सकाळी कागद पाहायचा. कोरडा असेल तर पास, गोल डाग असेल तर पुन्हा ठोके. ही चाचणी निर्दोष आहे, मात्र पहाटे कोणी त्याच ओट्यावर चहाची गाळणी ठेवलेली नसावी.

आता हिशेब. नवे ॲल्युमिनियमचे पातेले पिंपरी कॅम्पातल्या कोणत्याही दुकानात वजनावर मिळते, आणि जुने दिले तर त्याच्या मोडीचे, म्हणजे भंगार म्हणून वजनाचे, पैसेही वजा होतात. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार भाषेत आला तो याच अर्थाने. उलट दुरुस्तीसाठी कानस, तार, हातोडी, एक संपूर्ण रविवार आणि शेजाऱ्यांचे सौजन्य एवढे भांडवल लागते, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कॉस्टिंग विभागात बसून दर मिनिटाचा खर्च काढणारा मनुष्यही घरी हा सौदा करतो, यावरून त्याला हिशेब येत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. असेंब्ली लाइनवर एका माणसाच्या वाट्याला एकच काम येते. मिनिट-दीड मिनिटात गाडी पुढ्यातून सरकते, तो ठरलेले बोल्ट आवळतो, आणि पूर्ण गाडी त्याला दिसते ती रस्त्यावर, दुसऱ्याच्या बुडाखाली. पातेल्यापुढे मात्र तोच डिझाइनर असतो, तोच फिटर, तोच तपासनीस, आणि ग्राहकाची तक्रार त्याला ईमेलने न येता थेट समोरून ऐकू येते. दोषाच्या पहिल्या थेंबापासून शेवटच्या कोरड्या कागदापर्यंत सारे काम त्याच्या हातून पार पडते, आणि हे सुख पगारात धरलेले नसल्याने तो ते रविवारी फुकट घेतो. त्या संध्याकाळी आमटीला चव कशी आहे असे विचारले असता तो पातेल्याचा तळ पाहून उत्तर देतो.

खिळेच्या पातेल्याला वर्ष-दोन वर्षांनी शेजारीच दुसरे भोक पडते, कारण मिठाने एकच भुयार खणलेले नसते. तिसऱ्या भोकानंतर आजीसुद्धा हात सोडते आणि ‘भंगार, रद्दी, पेपर’ अशी हाक खाली आली की पातेले गोणीत जाते. तेथून ते भंगाराच्या गोदामात पोहोचते, चेपले जाते, गठ्ठ्यात बांधले जाते आणि भट्टीत वितळते. जुने ॲल्युमिनियम वितळवायला नवे काढण्याच्या मानाने सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, म्हणून या पट्ट्यातल्या भट्ट्यांना अशी पातेली हवीच असतात. त्या रसात इतर धातू मिसळून साच्यात दाबाने ओतले की दुचाकीच्या इंजिनाचे कवच तयार होते. म्हणजे कर्जाचे हप्ते फेडत घेतलेल्या मोटारसायकलीत घरातलेच पातेले परत आलेले असणे अगदीच अशक्य नाही. चार वर्षांनी पार्किंगमधल्या फरशीवर तिच्याखाली तेलाचा एक गोल डाग दिसू लागतो. गृहस्थ वाकून पाहतो, बोटाने चाचपतो, आणि वर जाऊन कालचे वर्तमानपत्र घेऊन येतो.